खंदक पोरांना कसा बदलतो

भोर-वेल्ह्याच्या माणसाला लढाई म्हटली की राजगड, तोरणा, रोहिडा आठवतो. ती लढाई पायांची: रातोरात घाट ओलांडायचा, छापा घालायचा, उजाडायच्या आत निसटायचं. खंदकातली लढाई नेमकी उलटी. तिथे चिखलात बसून राहायचं आणि वरून गोळा कधी पडतो याची वाट पाहायची. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींनीही ही लढाई भोगली. मेसोपोटेमियात कूत-अल-अमारा इथे पुण्याचं नाव लावणारी सहावी डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून १४७ दिवस तुर्कांच्या वेढ्यात होती. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी त्यातच होत्या.

अशा बसून राहण्याने कोवळ्या पोरांचं काय होतं, हे एरिख मारिया रेमार्कच्या ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ या १९२९ सालच्या जर्मन कादंबरीत टप्प्याटप्प्याने दिसतं. रेमार्क स्वतः पश्चिम आघाडीवर जखमी झाला होता.

सगळ्यात आधी ढासळतो तो मोठ्यांवरचा विश्वास. कादंबरीचा नायक पॉल आणि त्याचे वर्गमित्र मास्तरांच्या भाषणांनी भारून भरती होतात. तिथे कालपर्यंत पोस्टमन असलेला हिमेलश्टोस त्यांना कवायतीत रगडतो. पहिला मित्र मरतो तेव्हा मास्तरांचे शब्द पोकळ ठरतात.

मग शरीर शिकतं. गोळ्याच्या आवाजावरून तो कुठे पडणार हे जुन्या शिपायाला कळतं आणि विचार करण्याआधीच तो जमिनीला चिकटतो. नव्या रंगरूटांचा कान अजून तयार नसतो, म्हणून ते भराभर मरतात. जगवणारी ही सवय माणसातला विचारही हळूहळू बाजूला सारते.

पुढे मनाचा हिशेब बदलतो. पॉलचा वर्गमित्र केमेरिख मरणाच्या दारात असताना दुसरा वर्गमित्र म्यूलर याची नजर त्याच्या चांगल्या बुटांवर असते. हा निर्दयपणा वाटतो, पण मेलेल्याला बूट नकोत आणि जिवंताला हवेत, एवढाच त्यातला विचार. दीडशे जणांसाठी शिजवलेलं जेवण उरलेल्या ऐंशी जणांना मिळतं तेव्हा सगळे खूश होतात. लेखक त्यावर टीका करत नाही; वाचकच दचकतो.

रजेवर घरी गेल्यावर बदल किती खोल गेलाय ते कळतं. पॉल आपल्याच खोलीत आपली आवडती पुस्तकं उघडतो आणि ती त्याच्याशी बोलत नाहीत. गावातली मोठी माणसं त्याला युद्ध कसं जिंकायचं ते समजावतात. घर तेच असतं, तो मात्र तिथला उरलेला नसतो.

यातून माणुसकी संपली असं वाटत असतानाच ती उसळून येते. खड्ड्यात अंगावर आलेल्या फ्रेंच सैनिकाला पॉल भोसकतो आणि त्याला तडफडत मरताना तासन्‌तास पाहतो. मेलेल्याच्या पाकिटात बायको-मुलीचे फोटो निघतात. तो छापखान्यातला कामगार होता. पॉल त्याला वचनं देतो. पण खंदकात परतल्यावर सोबती त्याची समजूत घालतात आणि ती वचनं विरतात. खरा धक्का इथे आहे: पश्चात्तापही खंदकाच्या सवयीपुढे टिकत नाही.

ही मांडणी कूतला तशीच लागू होणार नाही. तिथला शिपाई मास्तरांच्या भाषणाने भरती झालेला नव्हता. बहुधा घरची गरज आणि घराण्याची रीत त्याला घेऊन गेली. शिवाय तिथे गोळ्यांइतकीच उपासमार होती. खायला घोड्याचं मांस आलं तेव्हा अनेक हिंदी शिपायांनी ते नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी आली तरी कित्येक जण उपाशीच राहिले. शेवटी भुकेने अनेकांना ते खायला लावलं. २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली आणि पुढे कैदेतल्या पायपिटीत असंख्य मेले.

म्हणून युद्धकादंबरी वाचताना हल्ल्यांच्या पानांवर रेंगाळू नये. शिपाई काय खातो, काय पायात घालतो, रजेवर कुणाशी बोलू शकत नाही, ती पानं हळू वाचावीत. रेमार्कने बदल बुटांतून दाखवला. मावळातल्या पोरावर अशी कादंबरी कुणी लिहिली, तर ती ताटापासून सुरू व्हायला हवी.