‘तिचंच काहीतरी चुकलं असेल!’

मैत्रिणींनो, शेजारणीचं मंगळसूत्र चोरानं भर रस्त्यात ओढून नेलं, तर आपल्या तोंडून पहिलं वाक्य कोणतं निघतं? ‘एवढं सोनं घालून तिन्हीसांजेला जायचंच कशाला?’ कुणाचा नवरा हृदयविकारानं अचानक गेला, की ‘तेला-तुपाला सढळ हात होता हो तिचा!’ पूर्वी तर अशा बाईला ‘पांढऱ्या पायाची’ म्हणून मोकळे होत. चोर, आजार राहिले बाजूला. जिचं गेलं तिलाच बोल!

खरं सांगू? मीही यातलीच. आमच्या शेजारच्या वहिनींचा छोटा जिन्यावरून पडला, हात मोडला. ‘लक्ष कुठं असतं हिचं?’ असं मी जिन्यातच बोलून गेले. आठच दिवसांनी पाहते तो काय, माझी धाकटी स्टुलावर चढून खिडकीतून बाहेर वाकलेली! मी फक्त दूध उतरवायला आत गेले होते. ती पडली नाही, एवढाच काय तो त्यांच्यात नि माझ्यात फरक.

मग आपण असं का बोलतो? दुष्टपणानं नव्हे, बहुतेक वेळा भीतीनं. नीट वागणाऱ्याचं नीटच होतं, असं आपण मनाशी धरून चाललेलो असतो. दुसरीची चूक सापडली की हायसं वाटतं. मी तशी वागत नाही, म्हणजे माझ्यावर ही वेळ यायची नाही!

मेल्विन लर्नर आणि कॅरोलिन सिमन्स या अमेरिकन संशोधकांनी १९६६ साली याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उत्तर चुकलं की एका मुलीला विजेचा झटका बसतो, असं त्यांनी काही कॉलेजातल्या मुलींना दाखवलं. झटके खोटेच होते, पण पाहणाऱ्यांना ते ठाऊक नव्हतं. तिचे हाल पुढेही चालूच राहणार असं ज्यांना वाटलं, त्यांनी तिलाच नावं ठेवली. झटके थांबवून तिला बक्षीस मिळवून देण्याची संधी ज्यांना मिळाली, त्यांनी मात्र तिला तेवढं कमी लेखलं नाही.

आपल्याला धडा आहे तो इथंच. हात बांधलेले असले की जीभ सुटते. हाताला काम मिळालं की ती आवरते. तेव्हा डबा पाठवा, मुलं सांभाळा, पोलिसात तक्रार द्यायला सोबत जा. काहीच सुचलं नाही, तर नुसतं जवळ बसा. सावधगिरी जरूर शिकवावी, पण ती संकट येण्याआधी. ‘तू असं का केलंस?’ हा प्रश्न तिनं स्वतःला शंभरदा विचारलेला असतो. एकशे एकावा आपला नको.

वहिनींकडे शेवटी मी गेले. छोट्याला मांडीवर घेतलं, त्यांना दोन घास जेवू दिलं. जिन्यातलं माझं वाक्य त्यांच्या कानावर गेलं होतं का, हे विचारायचा धीर मात्र मला अजून झालेला नाही.