संगणक मंद का होतो? आधी मोजावे, मग ठरवावे

वसतिगृहातून शिकून गेलेले विद्यार्थी भेटावयास येतात, तेव्हा अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात : "सर, घरचा संगणक फार मंद झाला आहे, नवा घ्यावा काय?" पालकांचाही हाच प्रश्न असतो. सोयाबीनचे पैसे हाती आले की मुलांच्या शिक्षणासाठी ते खर्च करण्यास आपली माणसे मागेपुढे पाहत नाहीत. म्हणूनच हा खर्च करण्यापूर्वी एक लहानसे, विनामूल्य साधन वापरून पाहावे, असे मला सुचवावेसे वाटते. मी इतिहासाचा शिक्षक आहे. पुराव्यावाचून निष्कर्ष काढू नये, ही माझ्या विषयाची पहिली शिकवण.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील प्रत्यक्ष काम करणारा भाग. त्याचा किती वेळ कोणत्या कामात गेला आणि किती वेळ तो रिकामा राहिला, याची नोंद संगणकाची कार्यप्रणाली सतत ठेवते. रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपटच म्हणा ना! लिनक्समध्ये ही नोंद साधारणतः सेकंदाच्या शंभराव्या भागात मांडलेली असते. प्रोसेसरवर लक्ष ठेवणारे साधन हा हजेरीपट थोड्या अंतराने दोनदा वाचते आणि त्यांतील फरक काढते. एका सेकंदाच्या १०० भागांपैकी ३० भाग रिकामे गेले असतील, तर वापर ७० टक्के झाला. यामागे एवढेच साधे गणित आहे.

या साधनांनाही इतिहास आहे. युनिक्स प्रणालीसाठी 'टॉप' हे साधन १९८४ मध्ये तयार झाले. त्यावरून प्रेरणा घेऊन ब्राझीलमधील हिशाम मुहम्मद यांनी २००४ मध्ये 'एचटॉप' प्रसिद्ध केले. नावातील 'एच' हे त्यांच्याच नावाचे आद्याक्षर. २०२० पासून स्वयंसेवकांचा एक गट त्याची देखभाल करीत आहे. ते कोणीही विनामूल्य वापरावे, त्याची घडण अभ्यासावी, सुधारावी, अशी मुभा त्याच्या परवान्यातच आहे. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक देणाऱ्या सी-डॅक या संस्थेने 'बॉस' नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली आहे. तिच्यावरही एचटॉप चालते. विंडोज वापरणाऱ्यांना काही आणावे लागत नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो.

काही वर्षांपूर्वी मी माझा संगणक दुरुस्तीस नेला होता. "प्रोसेसर गेला, नवाच घ्या," असे मला सांगण्यात आले. घरी येऊन टास्क मॅनेजर पाहिला, तर प्रोसेसरचा वापर जेमतेम दहा टक्के. हार्ड डिस्क मात्र शंभर टक्के गुंतलेली! दोष प्रोसेसरचा नव्हताच. जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली आणि तोच संगणक आजही माझ्या टेबलावर काम करीत आहे.

आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आजच्या प्रोसेसरमध्ये अनेक गाभे असतात. चार गाभ्यांपैकी एकच पूर्ण गुंतला, तर टास्क मॅनेजर एकूण वापर २५ टक्के दाखवील, पण एचटॉपमध्ये त्याच प्रोग्रॅमपुढे १०० दिसेल. दुसरे असे, की क्षणभर आकडा शंभरावर गेला म्हणून घाबरू नये. कोणतेही काम सुरू नसताना तो दीर्घकाळ चढलेला राहिला, तरच कारण शोधावे. यादीत सर्वांत वर कोणता प्रोग्रॅम आहे ते पाहावे. मात्र जे नाव ओळखीचे नाही, ते चौकशी केल्यावाचून बंद करू नये.

वर्गात एखादे मूल मंद वाटले, की आपणही चटकन शिक्का मारतो. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांच्या मागे धाकट्या भावंडांना सांभाळून आलेले मूल पहिल्या तासाला पेंगते, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीचा नसतो. यंत्र असो वा माणूस, त्याच्यावरील भार पाहिल्यावाचून त्याला निकामी ठरवू नये. आपल्या शाळेतून गेलेल्या प्रत्येकाने एवढे जरी ध्यानात ठेवले, तरी पुष्कळ झाले.