पुंगळीची चमक कशासाठी?

लेखमाला : धातू आणि हात – लेखांक १२

गेल्या आठवड्यात पितळेच्या चकतीपासून काडतुसाची पुंगळी कशी ओढून काढतात, ते आपण पाहिलं. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त या प्रमाणातलं पितळ न फाटता खोल ताणलं जातं, म्हणून ते या कामाला निवडलं गेलं. बार उडाला की आतल्या वायूच्या दाबाने पुंगळी फुगते, बंदुकीच्या चेंबरला घट्ट चिकटते आणि वायूला मागे वाट देत नाही. दाब उतरताच ती जराशी आकसून मोकळी होते. गोळी गेली, दारू जळाली, ती पेटवणारी बुडातली टोपी फुटली. पुंगळी मात्र शिल्लक राहते. काडतुसाचा सर्वांत महागडा भाग बहुधा हाच असतो. त्यामुळे अमेरिकेत कितीतरी नेमबाज आणि शिकारी झाडलेल्या पुंगळ्या वेचून घरी आणतात आणि पुन्हा भरतात. त्या भरणीच्या आधीची सफाई हा आजचा विषय.

रेंजवरच्या मातीतून उचललेल्या पुंगळीच्या तोंडाशी काजळी असते, आत राखाडी थर असतो, बुडाशी वाळू चिकटलेली असते आणि अंगावर घामट बोटांचे तपकिरी डाग. काजळी डोळ्यांना खुपते, पण नुकसान करते ती वाळू. फुगलेली पुंगळी मूळ मापावर आणण्यासाठी पोलादी डायमध्ये दाबावी लागते. वाळूचा एक कण आत गेला की डायला ओरखडा पडतो, आणि पुढे त्या डायमधून निघणाऱ्या प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उमटत राहतो. सफाईचं दुसरं कारण याहून मोठं आहे: मळाखाली चीर दिसत नाही.

सफाईचं यंत्र म्हणजे टंबलर. त्याचे दोन प्रकार सर्रास वापरात आहेत. पहिला कोरडा, थरथरणारा. प्लॅस्टिकच्या वाडग्याखाली मोटर असते आणि तिच्या दांड्यावर मुद्दाम एका बाजूला बसवलेलं वजन. मोटर फिरली की वाडगं थरथरतं आणि आतला माल हळूहळू वरखाली घुसळत राहतो. आपल्याकडे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्रभागांच्या कडांची बर काढायला याच तत्त्वावरची मोठी यंत्रं असतात. तिथे दगडी किंवा प्लॅस्टिकच्या गोट्या टाकतात. पुंगळ्यांसाठी लागतो अक्रोडाच्या टरफलांचा चुरा किंवा दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भरडा. अक्रोड कठीण, तो मळ खरवडतो. कणसाचा भरडा मऊ. तो तेलकटपणा शोषतो आणि झिलई देतो. दोन ते चार तास यंत्र चालवलं की काम होतं. नंतर चाळण करायची आणि प्रत्येक पुंगळीच्या बुडातलं भोक बघायचं. टोपीची ठिणगी याच भोकातून दारूपर्यंत पोचते, आणि भरड्याचा नेमका त्या मापाचा एखादा दाणा तिथे हमखास अडकतो.

दुसरा प्रकार ओला. आडवं पिंप रोलरवर सावकाश फिरतं. आत पुंगळ्या, पाणी, भांडी घासायच्या साबणाचे काही थेंब, चिमूटभर सायट्रिक आम्ल आणि स्टेनलेस स्टीलच्या बारीक काड्या. काडीची जाडी एक मिलिमीटरहून किंचित जास्त, लांबी साधारण सहा. कोरड्या भरड्याला जिथे शिरता येत नाही, तिथे ही काडी पोचते. टोपी आधीच काढून टाकली असेल, तर तिच्या घरातला कोळसासुद्धा खरवडून निघतो. यामागचं रसायन आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. पितळेची समई चिंचेने घासतो तेव्हा चिंचेतलं टार्टारिक आम्ल धातूवरचा काळा थर विरघळवतं. लिंबातलं सायट्रिक आम्ल तेच करतं. फक्त हात आखडता हवा. आम्ल जास्त झालं किंवा पुंगळ्या फार वेळ त्यात राहिल्या, तर पितळेवर गुलाबी छटा येते. जस्त पृष्ठभागावरून निघून गेलं आणि तांबं उघडं पडलं, असा तिचा अर्थ. शिवाय तासन्‌तास फिरवत ठेवलं की पुंगळ्यांची तोंडं एकमेकांवर आपटून त्यांच्या कडा ठोकल्यासारख्या जाड होतात. शेवटी स्वच्छ पाण्याने धुवायचं, आत काडी राहिली नाही ना ते पाहायचं आणि पूर्ण वाळवायचं. ओलावा राहिला तर नवी टोपी आणि दारू दोन्ही वाया जातात. वाळवण्याची घाई म्हणून कडक भट्टीत घालणं मात्र चूक. पुंगळीचं बूड कठीण राहिलंच पाहिजे, आणि फार तापलेलं पितळ मऊ पडतं.

टोपी आधी काढणं कुठे सोपं, कुठे अवघड, याचा इतिहास मजेशीर आहे. टोपी बसवण्याच्या दोन पद्धती. बॉक्सर पद्धतीत बुडाच्या मधोमध एकच भोक असतं, त्यामुळे आतून दांडी घालून जुनी टोपी सहज ढकलता येते. बर्डन पद्धतीत मध्ये धातूचा उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोकं, म्हणून तिथे दांडी चालत नाही. एडवर्ड बॉक्सर ब्रिटिश लष्करी अधिकारी, हायरम बर्डन अमेरिकी. तरीही बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात. घरी काडतुसं भरण्याचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला, त्याला हे एक भोकसुद्धा कारणीभूत आहे.

आता अमोनियाबद्दल. पितळ चमकवण्याच्या काही द्रवांत अमोनिया असतो. झाकण उघडताच तो नाकात झोंबतो. दारावरच्या पितळी पाटीला तो चालेल, पुंगळीला अजिबात नाही. हा धडा भारतातच मिळाला. ब्रिटिश फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली असत. पावसाळा सरून ती बाहेर काढली की पुंगळ्यांना उभ्या चिरा पडलेल्या दिसत. कारण बराच काळ उलगडलं नाही. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तीन संशोधकांनी खुलासा केला. थंड अवस्थेत ओढलेल्या पितळेत ताण कोंडून राहतो. घोड्यांच्या मुतातून सुटलेला अमोनिया आणि हवेतली दमट ओल त्या ताणलेल्या धातूच्या कणांमधल्या सीमा पोखरतात, आणि पितळ आपोआप तडकतं. तीन गोष्टी एकत्र आल्या तरच हे घडतं: ताण, ओल, अमोनिया. यातली एक काढली की रोग जातो. कारखान्यांनी ताण काढला: ओढकाम झाल्यावर पुंगळी बेताने तापवायची. लष्करी काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते, ती अशाच तापवण्याची खूण. टंबलरमध्ये ती झाक घासून निघते म्हणून काही जण घाबरतात. रंग जातो, पण तापवण्याने धातूला आलेला मऊपणा जात नाही.

आरोग्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण छंदाच्या भरात त्याकडेच दुर्लक्ष होतं. बहुतेक टोप्यांच्या मसाल्यात शिशाचं संयुग असतं. बार उडाल्यावर ते शिसं पुंगळीच्या आत बसतं आणि कोरड्या टंबलरमध्ये भरड्यात मिसळून धूळ होऊन उडतं. अशी चाळण माजघरात किंवा स्वयंपाकघरात करू नये, लहान मुलं आसपास असताना तर मुळीच नाही. मोकळ्या हवेत, झाकण लावून, हातमोजे घालून करावी आणि मग साबणाने हात धुवावेत. ओल्या पद्धतीत धूळ उडत नाही, ही तिची खरी जमेची बाजू. पण त्या काळ्या पाण्यातही शिसं असतं, म्हणून ते भांडी घासायच्या मोरीत ओतू नये.

सफाई झाली की तपासणी, आणि तिच्यासाठीच हा सगळा खटाटोप. पुंगळी उजेडात धरून सावकाश फिरवायची. तोंडापासून खाली येणारी केसासारखी रेघ दिसली की ती बाद. बुडाच्या जरा वर अंगाभोवती फिकट, चकचकीत कडं दिसलं, तर तिथे धातू ताणून पातळ झाला असण्याचा संभव असतो. मग टोक वाकवलेली बारीक तार आत घालून भिंतीवरून खालून वर ओढायची. तार एखाद्या खळगीत अडखळली, तर त्या पुंगळीचे पुढच्या बाराला दोन तुकडे होऊ शकतात. आरशासारखी चमकणारी पण न तपासलेली पुंगळी धोक्याची असते. डागाळलेली पण स्वच्छ आणि बिनचिरेची पुंगळी बिनधास्त चालते. माझ्या मते बहुतेकांना कोरडा टंबलर पुरेसा आहे. ओला ठेवावा तो चिखलाने माखलेल्या किंवा आतून फार काळ्या पडलेल्या मालासाठी.

आपल्याकडे हा घरगुती छंद नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो. आपले नेमबाज ज्या रायफलवर नाव कमावतात, तिची पुंगळी तर मुळातच एकदा वापरायची असते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळवलं, ते .२२ च्या काडतुसांवर. या काडतुसाला वेगळी टोपी नसते. पेटणारा मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो आणि रायफलची फायरिंग पिन ती कडच चेपते. चेपलेली कड पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे ही पुंगळी कितीही घासली तरी तिची वाट भंगाराकडेच.

पुढच्या लेखांकात आपण कल्हईकडे वळणार आहोत. वाचकांपैकी कोणी खडकी, अंबरनाथ किंवा वरणगावच्या आयुध निर्माणीत पितळेच्या कामावर असेल, तर त्यांनी आपला अनुभव जरूर लिहून पाठवावा. भट्टीचा ताव आणि ओढकामातले बारकावे त्यांच्याइतके नेमके दुसरं कोणी सांगू शकणार नाही.