अ‍ॅनिस्टन : लोखंडाच्या नगरातील वास्तू

ऐतिहासिक वास्तू म्हटले की आपली दृष्टी सहसा किल्ला, राजवाडा किंवा देवालय यांकडे वळते. ही दृष्टी किती अपुरी आहे, हे अमेरिकेच्या दक्षिण भागातील, अलाबामा राज्यातील अ‍ॅनिस्टन या लहानशा कारखानदारी शहराकडे पाहिले असता ध्यानी येते. म्हणून त्याचा थोडक्यात परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

हे नगर वसले ते लोखंडासाठी. सॅम्युएल नोबल व डॅनियल टायलर यांनी १८७२ मध्ये येथे वुडस्टॉक आयर्न कंपनी स्थापिली. यादवी युद्धात नोबल घराण्याच्या ओतशाळेने दक्षिणेस तोफा पुरविल्या होत्या, तर टायलर हे उत्तरेचे सेनानी होते. कालचे प्रतिपक्षी असे भागीदार झाले. भोवती लोहखनिज विपुल होते आणि भट्ट्यांना लागणारा लाकडी कोळसा रानातून मिळे. टायलर यांच्या सुनेचे नाव अ‍ॅनी. त्यावरून नगराचे नाव पडले. १८८३ पर्यंत ते कंपनीचे खासगी गाव होते. त्या वर्षी तेथील जमीन सर्वांना विक्रीस खुली झाली. पुढे सांडपाण्याच्या ओतीव लोखंडी नळांसाठी त्याची ख्याती झाली.

या संपत्तीचे सर्वांत देखणे स्मारक म्हणजे सेंट मायकेल अँड ऑल एंजल्स हे चर्च. सॅम्युएल यांचे बंधू जॉन वॉर्ड नोबल यांनी ते नगराच्या पश्चिम भागात, कामगारांच्या वस्तीजवळ बांधविले. वास्तुशिल्पी विल्यम हॅल्सी वुड. १८८८ मध्ये आरंभिलेले हे काम १८९० मध्ये पूर्ण झाले. त्याचा दगडी मनोरा ९५ फूट उंच असून त्यात १२ घंटा आहेत. वेदी इटलीतील कॅरारा येथील शुभ्र संगमरवराची आहे.

परंतु याच नगरात वर्णभेदाच्या कायद्यांनी माणसांची वाटणी केली होती. पश्चिम पंधराव्या रस्त्यावर कृष्णवर्णीयांची दुकाने व व्यवसाय एकवटले, ते या वाटणीमुळेच. तो भागही आज ऐतिहासिक म्हणून मान्यता पावलेला आहे.

गर्नी अ‍ॅव्हेन्यूवरील ग्रेहाउंड कंपनीचे जुने बसस्थानक मात्र दिसावयास अगदी सामान्य आहे. राज्याराज्यांतून धावणाऱ्या बसगाड्यांच्या प्रवाशांसाठी स्थानकांवर वर्णभेद पाळणे बेकायदा आहे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्ये दिला होता. तो प्रत्यक्षात पाळला जातो काय, हे पाहण्यासाठी गोरे व कृष्णवर्णीय स्वातंत्र्ययात्री एकत्र प्रवास करीत १४ मे १९६१ रोजी येथे आले. जमावाने स्थानकावरच बसवर हल्ला करून तिची चाके फोडली. शहराबाहेर ती बंद पडताच तिला आग लावण्यात आली. यात्री कसेबसे जिवानिशी बाहेर पडले. हे स्थानक आणि जळिताची जागा मिळून १२ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्रीय स्मारक घोषित झाले.

घटना घडल्यापासून या मान्यतेस जवळजवळ ५६ वर्षे लागली. मनोऱ्याचे महत्त्व दुरूनही दिसते. स्थानकाचे महत्त्व कोणी तरी सांगावे लागते. विद्यार्थ्यांसह गावातील जुनी वास्तू पाहताना ती कोणी व केव्हा बांधली, एवढेच विचारून शिक्षकांनी थांबू नये. तिच्या दारातून कोणास आत घेतले जाई आणि कोणास बाहेर थांबावे लागे, हेही विचारावे, अशी आमची विनंती आहे.