गावाचा निरोप, कंपनीची वाट

हिंगोली जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत निरोप पोचविण्याची रीत गेल्या काही वर्षांत पार बदलली आहे. पूर्वी कोतवालाने दवंडी पिटावी, चावडीवर कागद लागावा, तेव्हा गावाला वार्ता कळे. आता ग्रामसभेची तारीख, लसीकरणाचा दिवस, शाळेची सुटी, हळदीचा भाव हे सारे क्षणार्धात भ्रमणध्वनीवर येते. ही सोय मोठी आहे. परंतु ज्या वाटेने हा निरोप येतो ती वाट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्यांच्यावर गावाचा कारभार सोपविलेला आहे त्यांनी तरी तो विचारावयास हवा.

तीन दारे, एक मालक

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तीन निरनिराळी ॲप्स वाटतात. पण त्यांचा मालक एकच आहे. फेसबुक कंपनीने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम शंभर कोटी डॉलरला घेण्याचे ठरविले आणि २०१४ मध्ये व्हॉट्सॲपसाठी एक हजार नऊशे कोटी डॉलरचा सौदा जाहीर केला. २०२१ पासून ही कंपनी मेटा या नावाने ओळखली जाते.

एकाच मालकीचा अर्थ काय, हे ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री जगाला कळले. कंपनीच्या स्वतःच्या यंत्रणेत दुरुस्तीच्या वेळी चूक झाली आणि तिन्ही सेवा सुमारे सहा तास एकदम बंद पडल्या. एक दार बंद झाले म्हणून दुसऱ्याने जावे, तर तेही त्याच वाड्याचे निघाले.

बाजारपेठेचा दाखला

एवढे वर्चस्व निर्माण कसे होते? आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्यास फार लांब जावे लागणार नाही. हळद हिंगोलीच्या किंवा वसमतच्या बाजारात का नेली जाते? तेथे व्यापारी जमतात म्हणून. व्यापारी तेथेच का येतात? तेथे माल येतो म्हणून. एकदा बाजार भरला की तो आपल्याच बळाने वाढतो. ॲपचेही तसेच आहे. सोयरेधायरे, गुरुजी, ग्रामसेवक आणि दुकानदार ज्या ॲपवर आहेत तेच घ्यावे लागते. दुसरे ॲप कितीही चांगले असले तरी तेथे एकट्याने जाऊन बोलावयाचे कोणाशी? ‘कू’ हे भारतीय समाजमाध्यम २०२० मध्ये सुरू झाले आणि २०२४ मध्ये बंद पडले. नव्याला या क्षेत्रात पाय रोवणे किती अवघड आहे, याचे हे एक उदाहरण होय.

येथे एक भेद मात्र लक्षात घेतला पाहिजे. बाजार समिती कायद्याने चालते. तेथे शेतकऱ्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असतात. ॲपच्या बाजारात नियम करणारा आणि गाळ्याचा मालक एकच असतो.

‘मान्य करा, नाहीतर सोडा’

२०२१ च्या आरंभी व्हॉट्सॲपने आपल्या अटी बदलल्या. वापरणाऱ्यांची काही माहिती मूळ कंपनीच्या इतर सेवांना देण्यास संमती द्यावी, अन्यथा सेवा सोडावी, असा त्यांचा रोख होता. भारतीय स्पर्धा आयोगाने याची चौकशी केली. अशी सक्तीची संमती म्हणजे वर्चस्वाचा गैरवापर होय, असा निर्णय देऊन आयोगाने १८ नोव्हेंबर २०२४ रोजी मेटास २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी हा दंड कायम ठेवला. मात्र जाहिरातींसाठी माहिती देण्यावर आयोगाने घातलेली पाच वर्षांची बंदी रद्द केली. ज्या सेवेचे पैसे पडत नाहीत तिची किंमत माहितीच्या रूपाने मोजली जाते, हे या प्रकरणावरून ध्यानात येते.

राईनपाड्याचा धडा

वर्चस्वाची दुसरी बाजू अधिक दुःखद आहे. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. अशा अफवा त्या काळी व्हॉट्सॲपवरून देशभर फिरत होत्या. त्याच महिन्यात कंपनीने एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा भारतात घातली. उपाय योग्यच होता. परंतु आपल्या गावात अफवा किती वेगाने धावावी हे ठरविण्याचे साधन दूर देशीच्या कंपनीच्या हाती आहे, हेही त्यातून दिसून आले.

दुसरी वाट मोडू नये

लोक जेथे आहेत तेथे शासनाने जावे, हे रास्तच आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर देण्यासाठी मेटाशी करार केला तो याच हेतूने. त्याचबरोबर सेवा केंद्राची वाटही खुली आहे आणि नेमके हेच तत्त्व ग्रामपंचायतींनी अंगीकारावे.

ग्रामसभेची सूचना फलकावर आणि दवंडीनेच द्यावी. समूहावरील संदेश ही जोड समजावी. ज्या वृद्धेकडे साधा भ्रमणध्वनी आहे किंवा मुळीच नाही, तिचाही ग्रामसभेवर तितकाच हक्क आहे. तातडीच्या निरोपासाठी गावकऱ्यांचे क्रमांक वहीत नोंदवून ठेवावेत, म्हणजे साध्या लघुसंदेशाने काम भागेल. लाभार्थ्यांची आधारपत्रे व बँक पुस्तकांची छायाचित्रे समूहावर टाकण्याची सवय तर तत्काळ मोडावी. व्यक्तीच्या माहितीचे रक्षण करणारा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. शिक्षकांनी आलेला संदेश पुढे पाठविण्यापूर्वी पडताळून पाहण्याची शिस्त विद्यार्थ्यांना लावावी. ती त्यांच्यामार्फत घरोघरी पोचेल.

नवी वाट सोयीची आहे, तिने अवश्य जावे. परंतु ती एखाद्या रात्री बंद झाली तरी गावाचा निरोप गावाला मिळाला पाहिजे. चावडीवरचा फलक म्हणूनच पुसून स्वच्छ ठेवावा आणि त्यावर आजची तारीख असावी.