बटण दाबलं की गिअर बदलतो, तरी काही सायकलस्वारांना जुनाच लिव्हर का हवा असतो?

इटलीतल्या टस्कनी भागात गायोले इन किआंती नावाचं गाव आहे. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये इथं ‘लेरोइका’ ही सायकल राइड होते. १९९७ मध्ये ९२ जणांनी ती सुरू केली. या भागातले पांढरे कच्चे रस्ते टिकावेत, हाही त्यामागचा हेतू होता. इथं सायकल साधारणपणे १९८७ च्या आधीची लागते आणि गिअरचा लिव्हर हँडलवर नाही, तर फ्रेमच्या तिरक्या नळीवर असावा लागतो.

जुना गिअर चालतो कसा?

लिव्हर ओढला की केबल ताणली जाते आणि मागचा डिरेलर चेनला शेजारच्या दातेरी चकतीवर ढकलतो. लिव्हर नेमका कुठं थांबवायचा, हे ठरलेलं नसतं. तो घर्षणामुळं जागेवर राहतो, म्हणून याला ‘फ्रिक्शन शिफ्टिंग’ म्हणतात. चेनची खरखर ऐकू आली की लिव्हर किंचित सरकवायचा.

१९८० च्या दशकाच्या मध्यात शिमानो कंपनीनं ‘इंडेक्स शिफ्टिंग’ लोकप्रिय केलं. एक ‘टक’ म्हणजे एक गिअर. १९९० च्या सुमारास ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये आले. पुढं बटणावर चालणारे इलेक्ट्रॉनिक गिअरही आले.

मग जुना का आवडतो?

मोठं कारण दुरुस्तीचं आहे. इंडेक्समध्ये एका ‘टक’ला केबल किती सरकणार, हे चकत्यांमधल्या अंतराशी जुळवलेलं असतं. केबल सैल झाली किंवा डिरेलरचा हँगर थोडा वाकला, की गिअर अडखळतो. चकत्यांची संख्या किंवा कंपनी बदलली, तरी अनेकदा मेळ बसत नाही.

फ्रिक्शनमध्ये ही तफावत हातानं भरून काढता येते. चकत्या पाच असोत की आठ, लिव्हर तोच चालतो. त्याच्या आत मोजकेच स्क्रू आणि वॉशर असतात. याउलट ब्रेक-गिअरचा एकत्र लिव्हर आतून बिघडला, तर अनेकदा अख्खाच बदलावा लागतो. लांबच्या प्रवासात, जिथं हवा तो पार्ट मिळत नाही, तिथं हा फरक जाणवतो.

म्हणजे नवीन गिअर वाईट?

अजिबात नाही. चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये हँडलवरचा हात काढावा लागत नाही, हा सुरक्षेचा मोठा फायदा आहे. रेसमध्ये तर जुन्या लिव्हरचा निभाव लागणार नाही.

गंमत म्हणजे, आज जुना वाटणारा डिरेलरही एकेकाळी ‘अति आधुनिक’ होता. ‘टूर द फ्रान्स’नं तो १९३७ मध्ये चालू दिला. त्याआधी गिअर बदलायचा तर खेळाडू खाली उतरून मागचं चाक काढायचे आणि उलटं बसवायचे.

घरात जुनी गिअरची सायकल पडून असेल, तर भंगारात देण्याआधी एकदा मेकॅनिकला दाखवा. कधीकधी नवी केबल आणि चेनला तेल एवढ्यावरही तिचे गिअर पुन्हा चालू होतात.