तुरुंगात कैदी आजारी पडला तर त्याची काळजी कोण घेतं?

आपल्याला ताप आला तर आपण कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळी आणतो. बरं वाटलं नाही तर दुसरा डॉक्टर गाठतो. तुरुंगातल्या माणसाला यातलं काहीच करता येत नाही. त्यामुळे त्याच्या आरोग्याची जबाबदारी सरकारवर येते.

कायदा काय सांगतो?

१८९४ च्या तुरुंग कायद्यानुसार प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजारी कैद्यांसाठी योग्य जागा हवी. कैद्याला डॉक्टरांना भेटायचं असेल, तर पहाऱ्यावरच्या कर्मचाऱ्याने तुरुंगाधिकाऱ्याला आणि त्याने डॉक्टरांना विनाविलंब कळवायचं असतं. म्हणजे दुखणं आधी पहारेकऱ्याला सांगावं लागतं.

मग नर्स कशासाठी?

नवीन कैदी आला की टीबी, मधुमेह, फिट्स, गरोदरपण, चालू गोळ्या यांची नोंद व्हायला हवी. रोज दारू पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, तर दोन-तीन दिवसांत थरकाप, भ्रम, झटके येऊ शकतात. पहारेकऱ्याला ते नाटक वाटू शकतं. प्रशिक्षित नर्सला त्यातला जिवाचा धोका ओळखता येतो.

गर्दीमुळे हे काम आणखी अवघड होतं. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या तुरुंगांत १०० जणांच्या जागेत सरासरी १३१ कैदी होते. अशा बराकीत टीबी सहज पसरतो.

शुश्रूषा म्हणजे फक्त औषध नाही. फादर स्टॅन स्वामी यांना पार्किन्सन्स होता. तळोजा कारागृहात असताना, हात थरथरल्यामुळे पेला धरता येत नाही म्हणून त्यांनी २०२० मध्ये स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज केला होता. जामिनाचा निर्णय होण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, मुंबईतल्या रुग्णालयात ८४ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

कैद्यांना बाहेरच्या लोकांइतकेच चांगले उपचार मोफत मिळावेत, आणि डॉक्टरी निर्णय तुरुंगातल्या इतर कर्मचाऱ्यांनी डावलू नयेत, असं संयुक्त राष्ट्रांचे २०१५ चे 'मंडेला नियम' सांगतात. भारतात तर दर चार कैद्यांपैकी सुमारे तीन कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही.

नातेवाईक काय करू शकतात?

- जुने रिपोर्ट आणि औषधांची चिठ्ठी वकिलाला आणि कारागृहाला लगेच द्या.
- उपचार मिळत नसतील तर न्यायालयात अर्ज करा.
- वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. कोठडीतल्या व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळू शकतो.